ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तरी धाप लागते

बाळा,

धाप लागते, छातीत दुखतं, तरी रिपोर्ट नॉर्मल आले आणि तुला रडू आलं, हे तुझ्या पत्रात वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. मला ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, होऊन एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला मीही रात्री-अपरात्री ऑक्सिमीटर बोटाला लावून बसायचे. अंधारात तो लाल उजेड, त्यावर ९८, आणि इकडे छाती कुणी दोरीने आवळल्यासारखी. खरं कोण, यंत्र की मी?

दोघंही. रक्तातलं जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, एवढंच ते यंत्र सांगतं. हिमोग्लोबिनच कमी असेल तर असलेलं सगळं भरलेलं दिसतं आणि जिन्यात धाप लागायची ती लागतेच. श्वासाचे स्नायू थकलेत का, हृदयावर ताण येतोय का, यातलं त्याला काही कळत नाही. म्हणून ‘नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच, की ज्याची तपासणी केली ते सापडलं नाही.

दुखण्याचंही तसंच. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. कळते ती बरगड्यांच्या आतून असलेल्या आवरणाला. त्याला सूज आली की खोल श्वासागणिक कळ येते. मग आपण नकळत अर्धेमुर्धे श्वास घ्यायला लागतो आणि त्यानेही दम लागतो. एवढं होऊनही एक्स-रे साफ येऊ शकतो.

डॉक्टरांकडे जाऊन नुसतं ‘दम लागतो’ म्हणू नकोस. मी म्हटलं होतं. ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकून परत आले. राग आला, पण चूक अर्धी माझीही होती. पुढच्या वेळी चार ओळींची चिठ्ठी नेली: दोन महिन्यांपूर्वी सपाटीवर बोलत चालता यायचं, आता येत नाही. उताणं झोपलं की वाढतं. केस पुसायला हात वर केले की थांबावं लागतं. उजवीकडे, श्वास आत घेतानाच दुखतं. त्या चिठ्ठीवर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन पाहिला. बसल्या जागी मोजलेला आकडा चालल्यावर टिकतो का, हे तूही विचार.

टेन्शनचं म्हणणं मात्र सरसकट झटकू नकोस. भीतीने श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटं आणि ओठ मुंग्या आल्यासारखे होतात, छाती आणखी आवळते. खऱ्या आजाराच्या डोक्यावर हेही बसू शकतं. फक्त तपासण्या व्हायच्या आधीच ते उत्तर म्हणून हातात ठेवलं, तर घेऊ नकोस.

कारण सापडेपर्यंत जगणं थांबवायची गरज नाही. हात वर केले की दम का लागतो माहीत आहे? खांद्या-मानेचे स्नायू श्वासालाही मदत करतात. ते वर धरलेल्या हातांत गुंतले की मदत तुटते. मी आता खुर्चीत बसून, कोपरं टेबलावर टेकवून केस विंचरते. आधी लाज वाटायची, आता वेळ वाचतो. दम लागला की पुढे वाकून हात मांड्यांवर टेकव, ओठ चिमटून फुंकर घातल्यासारखा श्वास सावकाश सोड. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा गार वारा घेतला तरी पुष्कळांची धाप कमी होते, मलाही होते. आणि बऱ्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकायला जाऊ नकोस. या बाबतीत मी अजून शिकतेच आहे. गेल्याच आठवड्यात कपाट आवरलं आणि तीन दिवस आडवी होते.

एक गोष्ट मात्र दटावून सांगते. प्रत्येक नवी तक्रार जुन्या आजाराच्या खात्यावर टाकायची नाही. अचानक वाढलेली धाप, हातात किंवा जबड्यात जाणारी छातीतली कळ, खोकल्यातून रक्त, निळसर ओठ, चक्कर येऊन पडणं, एकाच पायाला आलेली सूज: यातलं काहीही झालं तर चिठ्ठी लिहीत बसू नकोस, थेट इमर्जन्सीत जा. माझ्या उत्तराची वाटही पाहू नकोस.

तुझी चिठ्ठी पुढच्या तपासणीआधी मला पाठव. चार ओळींच्या वर गेली तर मी कापणार आहे.

तुझी,
मावशी