एकच अक्षर, कुठं ‘फो’ तर कुठं ‘बुत्सु’

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन वेरूळला गेलो होतो. दहा नंबरच्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, तिथं जपानी लोकांचा एक ग्रुप हात जोडून ‘नामु आमिदा बुत्सु’ म्हणत होता. गाईड म्हणला बुत्सु म्हणजे बुद्ध, आणि वहीवर ते अक्षर काढून पण दाखवलं. माझा मेहुणा शेंद्र्याला कोरियन कंपनीत आहे, तो म्हणतो याला ‘बुल’ म्हणतात. मोबाईलवर बघितलं तर चिनीत ‘फो’, आणि जपानी डिक्शनरीत चक्क ‘फ्रान्स’ असा अर्थ! यातलं बरोबर काय?
एक वाचक, देगलूर

उत्तर : दादा, सगळंच बरोबर आहे, फ्रान्ससुद्धा. तुम्ही देगलूरचे, त्यामुळं तुम्हाला हे लगेच पटेल. बाजारात पाटीवर पाचचा आकडा असला की आपण ‘पाच’ वाचतो, तेलंगणातून आलेला माणूस ‘ऐदु’ वाचतो, आकडा तोच आणि भावही तोच. चिनी अक्षराचं बरंचसं असंच आहे, ते आपल्या क-ख-ग सारखं नुसत्या आवाजाचं नसतं, आख्ख्या शब्दाचं असतं.

पण या अक्षराची गोष्ट मला त्याहून भारी वाटते, कारण यातला आवाज मुळात आपल्याकडचा आहे. साधारण २००० वर्षांपूर्वी बुद्धाचं नाव चीनमध्ये पोचलं तेव्हा ते लिहायचं कसं हा प्रश्न आला, मग तिथं आधीपासून असलेलं एक अक्षर आवाज जुळतो म्हणून उचललं. त्या अक्षराच्या डावीकडं उभा माणूस आहे आणि उजवीकडं ‘नाही’ अर्थाचं चिन्ह, म्हणून काही जण ‘माणूस नाही तो बुद्ध’ असा अर्थ काढतात, पण तो नंतर लावलेला आहे, उजवी बाजू फक्त उच्चार दाखवायला आहे. बुद्ध यायच्या आधी हे अक्षर ‘भासल्यासारखं’ अशा अर्थाच्या शब्दात वापरायचे, आणि आजही चिनीत त्या शब्दात त्याला ‘फो’ नाही, ‘फू’ म्हणतात.

तांग राजवटीच्या काळात (६१८ ते ९०७) याचा उच्चार साधारण ‘ब्युत’ असा होता. आता यात ‘बुद्ध’ ऐकू येतो की नाही बघा! पुढं उत्तरेकडच्या चिनीत शेवटचा त गळून गेला आणि ब चा फ झाला, म्हणून फो. हाँगकाँगकडच्या कॅन्टोनीजमध्ये तो त अजून शाबूत आहे, ‘फत’, आणि व्हिएतनामीतही ‘फत’. कोरियनांनी असल्या शेवटच्या त चा सरसकट ल केला, म्हणून मेहुण्याचं बुल. जपानी माणसाला शब्द त वर थांबवता येत नाही, त्यानं मागं स्वर जोडला आणि झालं बुत्सु. हे एका शब्दापुरतं नाही, आठ हा आकडा घ्या : चिनी पा, कॅन्टोनीज पात, कोरियन पाल, जपानी हाची, परत तोच त आणि त्याची तीच गत.

तुम्ही लेण्यात जे ऐकलं ती सहा अक्षरं आहेत आणि चारही देशांत तीच म्हणतात. चिनीत ‘नामो आमिथुओ फो’, कोरियनमध्ये ‘नामु आमिता बुल’, व्हिएतनामीत शेवट ‘फत’ नं. म्हणजे आपलं ‘नमो अमिताभ बुद्ध’! त्यातल्या नमो ची दोन अक्षरं सुटी वाचली तर ‘दक्षिण’ आणि ‘नाही’ असा अर्थ निघतो, तिथं अर्थ बघायचाच नाही, फक्त आवाज ऐकायचा.

फ्रान्सचंही तसंच. जपानी लोक पूर्वी परदेशांची नावं आवाज जुळवून अक्षरांत लिहायचे, फ्रान्ससाठी पहिलं अक्षर हे घेतलं आणि पुढं तेवढंच उरलं, म्हणून फ्रेंच भाषा म्हणजे ‘फुत्सुगो’. चीननं फ्रान्ससाठी ‘फा’ घेतलं, व्हिएतनामीत तेच ‘फाप’, आणि बौद्ध ग्रंथांत या ‘फा’ च्या अक्षराचा अर्थ धम्म! मेहुण्याला अजून एक सांगा, कोरियनमध्ये बुल म्हणजे विस्तव पण होतो आणि डॉलर पण. विस्तव हा त्यांचा घरचा शब्द, डॉलर मात्र बुद्धाच्या अक्षराच्या उजव्या बाजूचा, कारण ते चिन्ह डॉलरच्या खुणेसारखं दिसतं.

जपानीत याच अक्षराला ‘होतोके’ असंही वाचतात आणि त्याचा अर्थ बुद्ध तर आहेच, पण गेलेला माणूस असाही होतो, आपण कैलासवासी म्हणतो ना, त्याच्या जवळचं. अर्थ असे सरकतातच, आपली ‘शिक्षा’ हिंदीत गेली की शाळेत जाऊन बसते. आणि चिनीत ऐनवेळी धावपळ करणाऱ्याला ‘आयत्या वेळी फो चे पाय धरतो’ म्हणतात, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या पोरांना तर हमखास. आपल्याकडं तहान लागल्यावर विहीर खोदणं म्हणतात, ते.

एक राहिलंच, गाईडनं काढलेलं अक्षर मोबाईलवरच्या चिनी अक्षराशी जुळलं नसेल तर तो चुकला असं समजू नका. जपाननं उजवी बाजू सोपी करून तिथं नुसतं तिकोनी वळण ठेवलंय.

प्रश्न : मुलीला जपानी शिकायचंय, गाईड व्हायचं म्हणते. एका अक्षराचे दोन-तीन उच्चार पाठ कसे करायचे?
एक ताई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, सुटे उच्चार पाठ करायलाच लावू नका, डोक्यात राहत नाहीत. आख्खे शब्द शिकू द्या. ‘दाइबुत्सु’ म्हणजे मोठा बुद्ध. नारा शहरात तोदाइजी मंदिरात साधारण १५ मीटर उंचीची कांस्य मूर्ती आहे, आणि तिचे डोळे उघडायचा विधी ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूनं केला होता. एवढं तिला सांगा, मग बुत्सु वेगळं पाठ करायची गरज पडणार नाही, आणि उद्या वेरूळला जपानी पाहुण्यांना सांगायलाही तिच्याकडं काहीतरी असेल.