'सर, गुठळी झाली, सोडू?'

तुझा प्रश्न असा : एमसीक्यूला मार्क चांगले पडतात, पण इंटर्नशिपला पेशंटसमोर निदानाची खात्रीच वाटत नाही, ती कधी येते? सिंधुदुर्गात ग्रामीण रुग्णालयात एवढे पावसाळे काढले, मला अजून यायची आहे.

लावणीच्या दिवसांत एका रात्री एक मावशी आल्या. "काय चावला ता दिसूक नाय." घोट्याजवळ दोन खुणा, किंचित सूज. इंटर्नने कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घेतलं, न हलवता 20 मिनिटं ठेवलं, मग तिरकं केलं. छान गुठळी. "सर, बिनविषारी. सोडू?" मावशीही तयारच, गुरां वाड्यात बांधलेली.

म्हटलं, फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, ते ट्यूबमध्ये कळतं. पण फुरसं असेल आणि विष अजून चढायचं असेल तर? गप्प. मण्यार असेल तर? मण्यारीचं विष नसांवर जातं, रक्त गोठत राहतं. तिच्याबद्दल ही ट्यूब काहीच सांगत नाही. तिथे पापण्या बघायच्या. मग केसपेपरवर लिहून घेतलं : 'साप कोणता माहीत नाही. विषबाधेची लक्षणं आत्ता नाहीत. ट्यूब परत लावणे. सूज, हिरड्या, पापण्या तासातासाला. रक्त गोठलं नाही किंवा पापणी पडली तर एएसव्ही (सर्पविषावरचं औषध).' सगळं शिक्षण या शेवटच्या ओळीत आहे. आपलं मत कशाने बदलेल, हे आधीच लिहून ठेवायचं. चौथ्या ट्यूबला रक्त पाण्यासारखं वाहिलं.

उलटंही होतं. सुरुवातीच्या काळात मी घाईत प्लास्टिकच्या बल्बमध्ये रक्त ठेवलं. प्लास्टिकमध्ये ते नीट गोठत नाही, साबणाने धुतलेल्या काचेतही नाही. मी एएसव्ही दिलं, रिअॅक्शन आली, अॅड्रेनलिन देत रात्र काढली. त्या माणसाला बहुतेक विषच नव्हतं.

लेप्टोचं (उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) तसंच. तापाच्या तिसऱ्या दिवशी आयजीएम ही रक्तातली अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह आली तरी लेप्टो नाही असं म्हणता येत नाही, अँटिबॉडी तेवढ्या लवकर दिसतातच असं नाही. चिखलात उभा राहिलेला माणूस, लाल डोळे, पोटऱ्या दाबल्या की ओरडतो. डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) सुरू कर आणि उद्या परत बघ.

राहिलं नातेवाइकांशी बोलणं. "काही होत नाही, घाबरू नका" असं बोलून मोकळं होऊ नकोस. त्या रात्री आमचा इंटर्न, मूळचा कुडाळचा, स्टूल ओढून मावशींजवळ बसला : "ईष आसा काय नाय ता आत्ता सांगूक येना नाय. सकाळपर्यंत रवा." त्यांनी लेकाला फोन करून गुरांचं सांगितलं आणि रवल्या.