देवाने दिलेली धावण्याची देणगी स्पर्धेत जिंकण्यासाठी वापरणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का? आणि फायनल रविवारी आली तर?

शोभतं. आणि धावायचं तर जिंकायलाच धावा. "भाग घेतला हेच पुष्कळ" ही नम्रता मला ढोंगी वाटते. बक्षीस मिळेल असं धावा, हे बायबलमध्ये प्रेषित पौलानेच करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला लिहिलंय. इस्थमियाचे खेळ त्यांच्या शेजारीच भरायचे, त्यामुळे हा दाखला त्यांना फोड करून सांगावा लागला नसेल.

पण लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे.

मी अहमदनगरची. अकरावीत 800 मीटर 2 मिनिटं 28 सेकंदांत धावायचे. पप्पा पहाटे पाचला सायकलवर डबलसीट वाडिया पार्कला न्यायचे आणि माझा स्वेटर हातात धरून थंडीत कडेला उभे राहायचे. जिल्ह्याची फायनल नेमकी रविवारी आली. "प्रभूचा दिवस आहे, जायचं नाही." मी रडले, जेवले नाही, आईने सांगून पाहिलं. पप्पा हलले नाहीत. साडेदहाला तिकडे शर्यत सुटली तेव्हा मी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर होते, आणि पाळकसाहेब उपदेशात स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलची गोष्ट सांगत होते: 1924 चं पॅरिस ऑलिंपिक, 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, म्हणून तो धावला नाही. अख्खी मंडळी वळून माझ्याकडे बघत होती. जिंकलेल्या मुलीची वेळ संध्याकाळी कळली. 2 मिनिटं 33 सेकंद.

पुढे कॉलेजात लिडेलबद्दल वाचलं आणि आणखीच भडकले. उपदेशात अर्धाच लिडेल आला होता. त्याला वेळापत्रक कित्येक महिने आधी कळलं होतं. त्याने 400 मीटरची तयारी केली आणि शुक्रवारी 47.6 सेकंदांत सुवर्ण घेतलं. 200 मध्ये कांस्य. त्याला दुसरी शर्यत होती, मला कुठे होती? शिवाय निर्णय त्याचा स्वतःचा होता. माझा पप्पांनी घेतला. नंतर तो चीनमध्ये मिशनरी असताना जपान्यांनी त्याला वेईशियनच्या छावणीत डांबलं. तिथे मुलं रविवारी हॉकी खेळता खेळता मारामारीवर आली, तर पुढच्या रविवारी हाच लिडेल रेफरी म्हणून मैदानात उतरला. हे मी पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "रेफरी होता ना? धावला नाही ना?"

आता काय बोलणार!

बाकी, "मला जिंकू दे" अशी प्रार्थना करू नका. शेजारची मुलगीही तेच मागत असते. इजा होऊ नये आणि हरल्यावर तोंड वाकडं होऊ नये, एवढं मागा.

उपासना बुडवा असं मी म्हणत नाहीये. तुमचं मन खरंच खात असेल तर धावू नका, फक्त ते मन तुमचं असू द्या, घरच्यांचं नको. नसेल खात, तर सकाळी सातची उपासना गाठा. उपदेश लांबला नाही तर वॉर्मअपला वेळ मिळतो.