सुमाट्रिप्टान खरंच डीएमटीच्या कुळातलं आहे का?

तुम्ही विचारलंय की डॉक्टरांनी अर्धशिशीवर सुमाट्रिप्टान लिहून दिलंय, आणि नेटवर वाचलं की ते डीएमटी या भास घडवणाऱ्या द्रव्याचं भावंड आहे; मग गोळीने डोकं फिरेल का?

नाही फिरणार. पण वाचलंत ते खोटंही नाही. मी परळला फार्मसीच्या मुलांना शिकवते. फळ्यावर आधी डीएमटी काढते: इंडोलची जोडकडी (एकमेकींना चिकटलेली अणूंची दोन कडी), तिला दोन कार्बनची शेपटी, टोकाच्या नायट्रोजनवर दोन मिथिल, म्हणजे कार्बनचे छोटे गट. मग इंडोलच्या पाचव्या जागी एक सल्फोनामाइडचा, म्हणजे गंधक आणि नायट्रोजन असलेला, गट जोडते. झालं सुमाट्रिप्टान! मागचा बाक तेवढ्यापुरता जागा होतो.

सगळा फरक त्या जोडाचा. सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप्या रसायन; ते पेशींवरच्या ज्या खाचांत बसतं त्या रिसेप्टर, आणि त्यांचे २ए, १बी, १डी असे प्रकार. डीएमटी मेंदूत शिरून २ए रिसेप्टरला धरतं, भास मुख्यतः तिथून होतात. सुमाट्रिप्टान २ए च्या वाटेला जवळजवळ जातच नाही. ते धरतं १बी आणि १डी. १बी मुळे मेंदूच्या आवरणातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. १डी मुळे ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या टोकांतून दाह वाढवणारी द्रव्यं कमी सुटतात. शिवाय हा रेणू मेंदूत फारसा शिरतही नाही.

एका बाबतीत मात्र दोघांचं नशीब सारखं. मोनोअमाइन ऑक्सिडेझ ए नावाचं एन्झाइम दोघांनाही तोडतं. नुसतं गिळलेलं डीएमटी म्हणूनच वाया जातं. सुमाट्रिप्टानच्या गोळीतलंही जेमतेम पंधरा टक्के रक्तात पोचतं. कातडीखालच्या इंजेक्शनचं जवळजवळ सगळं पोचतं.

गोळी वेळेवर घ्या, हे मी स्वतः सोसून सांगतेय. मेमध्ये ठाण्याची लोकल होती, कुर्ल्याला डावी कानशील ठणकायला लागली. "बघू जरा" म्हणत बसले, बाजूच्या बाईंच्या पाटीतल्या बोंबलांचा वास डोक्यात जात होता. मुलुंडला गोळी घेतली आणि ठाण्याच्या फलाटावर ती ओकून टाकली. अटॅकमध्ये पोट मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी तशीच पडून राहते. ठणका सुरू झाला की लगेच घ्यायची. नुसत्या डोळ्यांपुढच्या नागमोडी रेषा दिसताना घेऊन मात्र फार उपयोग नाही.

छातीत किंवा गळ्याशी आवळल्यासारखं वाटू शकतं, बहुतेकदा ते आपोआप जातं. पण हेच औषध हृदयाच्या रक्तवाहिन्याही थोड्या आकसवतं, म्हणून हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असणाऱ्यांना ते देत नाहीत. महिन्यात दहा किंवा जास्त दिवस घेत राहिलात तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं.

आणि नैराश्यावर "एक गोळी चालू आहे" एवढंच लिहिलंत, नाव नाही. ती मोक्लोबेमाइड असेल तर वर सांगितलेलं मोनोअमाइन ऑक्सिडेझ ए अडवून धरते आणि सुमाट्रिप्टान रक्तात साठतं. दोन्ही एकत्र चालत नाहीत. पाकिटावरचं नाव डॉक्टरांना दाखवा, त्याआधी सुमाट्रिप्टान घेऊ नका.