जिम क्रो हा कोण गृहस्थ?

एका अमेरिकन लेखाचं मराठी भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारलंय: 'जिम क्रो लॉज' (कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवणारे अमेरिकेतले कायदे) असा शब्द पानोपानी येतो. हा जिम क्रो आमदार होता की न्यायाधीश? 'जिम क्रोचे कायदे' असं लिहिलं तर चालेल का? शिवाय त्याच लेखात 'मिन्स्ट्रेल शो' आणि 'ब्लॅकफेस' हे शब्द आहेत. शब्दकोश पाहून पहिल्यासाठी 'भाटांचे खेळ' आणि दुसऱ्यासाठी 'तोंड काळं करणे' असं लिहून ठेवलंय. ते बरोबर आहे का?

शेवटच्या दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. पण तिन्ही शब्द एकाच घरचे असल्यामुळे सुरुवात जिम क्रोपासूनच केलेली बरी.

कायद्याला माणसाचं नाव असलं की तो माणूस कायद्याशी संबंधित असणार, हे आपण धरूनच चालतो. रौलेट कायदा न्यायमूर्ती रौलेटच्या नावाचा, बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा हरविलास सारडांचा. (शारदा कायद्याचं नाव देवलांच्या 'संगीत शारदा'वरून पडलं, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. नाटक १८९९चं, कायदा १९२९चा, विषय शेजारशेजारचे, त्यामुळे घोटाळा होतो खरा.) गंमत म्हणजे शारदा कायद्याबद्दल जे खोटं आहे, ते जिम क्रोच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. जिम क्रो रंगमंचावरचाच. या नावाचा आमदारही नव्हता आणि न्यायाधीशही.

थॉमस डार्टमथ राइस नावाचा न्यूयॉर्कचा एक गोरा नट होता. १८३०च्या आसपास त्याने जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला लावली, फाटके कपडे चढवले आणि 'जंप जिम क्रो' नावाचं गाणं नाचून दाखवायला सुरुवात केली. गाण्याच्या धृपदाचा भावार्थ इतकाच की गिरकी घ्या, वळा, हे असं करा, दर गिरकीला मी जिम क्रो उडी मारतो. १८३२मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी थिएटरमध्ये त्याने प्रेक्षकांना वेड लावलं, १८३६मध्ये लंडन गाजवलं. लंगडत नाचणारा, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा, आपल्या गुलामीत खुशीत असलेला हा 'काळा' माणूस पुढे राइसच्या हातातून सुटला आणि देशभर पसरला.

राइसला हे सुचलं कुठून? तबेल्यात काम करणाऱ्या एका वृद्ध कृष्णवर्णीयाला त्याने गाताना पाहिलं, असं सांगतात. कुठे पाहिलं, तर कोणी लुईव्हिल म्हणतं, कोणी सिनसिनाटी, कोणी पिट्सबर्ग. यातली सगळ्यात तपशीलवार कथा १८६७ साली एका मासिकात छापून आली. तिच्यानुसार पिट्सबर्गमध्ये प्रयोगाच्या आधी राइसने कफ नावाच्या एका कृष्णवर्णीय हमालाला गाठलं आणि त्याचेच कपडे अंगावर चढवून तो रंगमंचावर गेला. कफ विंगेत उघडाच बसून राहिला. टाळ्यांचा कडकडाट चालू असताना धक्क्यावर बोट लागल्याची वर्दी आली. सामान उचलायला गेलं नाही तर कफची कमाई बुडणार. 'कपडे द्या' म्हणून तो विंगेतून हाका मारतोय, राइसला काही ऐकू जात नाही, शेवटी बिचारा तशाच अवस्थेत रंगमंचावर आला, आणि प्रेक्षकांना तोही विनोदाचाच भाग वाटला.

ही कथा खरी असेलच असं नाही. नटांच्या आख्यायिका असतात तशी ती एक. पण ती कशी रचली आहे ते बघा: कला त्याची, कपडे त्याचे, पोटाची अडचण त्याची, आणि हशाही त्याच्यावरच. शब्दाची जन्मकथासुद्धा त्या शब्दाच्याच चालीने चालते. म्हणूनच मला ती, खरी असो वा नसो, महत्त्वाची वाटते.

आता 'मिन्स्ट्रेल'. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ मध्ययुगीन युरोपातला गाणारा-वाजवणारा, म्हणून शब्दकोशात 'भाट', 'चारण' सापडतात आणि तिथे ते चूक नाहीत. अमेरिकन मिन्स्ट्रेल शो मात्र निराळाच प्रकार आहे. १८४३मध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' नावाच्या चौघा गोऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये काळं फासून पूर्ण कार्यक्रम केला आणि त्याचा साचाच पडला. मंडळी अर्धवर्तुळात बसायची. मधोमध शुद्ध भाषेत बोलणारा सूत्रधार, एका टोकाला टँबोरिन वाजवणारा टँबो, दुसऱ्या टोकाला हाडांच्या चिपळ्या वाजवणारा बोन्स. हे दोघे सूत्रधाराच्या प्रत्येक प्रश्नाला वेडगळ उत्तर देणार, मोठमोठे शब्द चुकीचे वापरणार, लोक पोट धरून हसणार. गावंढळ जिम क्रोच्या जोडीला झिप कून नावाचा शहरी छेलछबेला आला. तो गुलाम नाही, पण सुटाबुटात साहेबाची नक्कल करायला जातो आणि फजित होतो. म्हणजे शेतावर राहिला तर मूर्ख, शहरात आला तर आगाऊ. तिसरी भूमिका देऊ केलेलीच नव्हती.

'भाटांचे खेळ' इथे का चालत नाही ते आता लक्षात येईल. भाट ज्याच्यासमोर उभा असतो त्याची स्तुती गातो. 'सोंगाड्या'ही मला मान्य नाही. तमाशातला सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, प्रसंगी देवादिकांची टिंगल करतो, त्याची जीभ वरच्या दिशेने चालते. मिन्स्ट्रेल शोमध्ये ती कायम खालच्या दिशेने चालली. तेव्हा 'मिन्स्ट्रेल शो' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात 'गोऱ्या नटांनी काळं सोंग घेऊन केलेले विनोदी प्रयोग' असं सांगून मोकळं व्हावं.

'ब्लॅकफेस'ला 'तोंड काळं करणे' म्हटलं तर अनर्थ होईल. मराठीत 'तोंड काळं कर' म्हणजे चालता हो, आणि 'तोंडाला काळं फासणे' म्हणजे ज्याच्या तोंडाला फासलं त्याची बेइज्जती. ब्लॅकफेसमध्ये गणित बरोबर उलटं आहे. ज्याच्या तोंडाला काळं लागतं त्याला टाळ्या आणि पैसे मिळतात, बेइज्जती होते ती तिथे नसलेल्या माणसांची. गुलामगिरीतून पळून सुटलेला कृष्णवर्णीय वक्ता आणि संपादक फ्रेडरिक डग्लस याने १८४८मध्येच आपल्या वृत्तपत्रात या नटांना गोऱ्या समाजाचा गाळ म्हटलं होतं. निसर्गाने नाकारलेला रंग आमच्याकडून चोरून ते त्यावर पैसा करतात, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि यातला सगळ्यात विचित्र भाग पुढेच आहे. कृष्णवर्णीय कलावंतांना रंगमंचावर शिरकाव मिळाला तेव्हा त्यांनाही काजळी लावावी लागली. बर्ट विल्यम्स १९१०मध्ये न्यूयॉर्कच्या 'झिगफेल्ड फॉलीज'मध्ये दाखल झाला. इतक्या बड्या गोऱ्या कंपनीत झळकलेला तो पहिला कृष्णवर्णीय. तोही रोज संध्याकाळी जळलेलं बूच तोंडाला लावायचा. प्रेक्षकांना ओळखीचा झालेला 'काळा माणूस' काजळीचा होता, आणि खऱ्या कातडीला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागत होतं. या एका गोष्टीपुढे माझे वरचे सगळे परिच्छेद फिके आहेत.

आता हे नाव रंगमंचावरून कायद्यात कसं गेलं? वाटेत आगगाडी लागते. आणि तीही दक्षिणेतली नव्हे, गुलामगिरी नसलेल्या मॅसॅच्युसेट्समधली. तिथल्या रेल्वे कंपन्या कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यात बसवत, आणि १८४०च्या सुमारास त्या डब्याला सर्रास 'जिम क्रो डबा' म्हणत. १८४१मध्ये लिन गावी डग्लसला गोऱ्यांच्या डब्यातून हुसकावलं, तेव्हा त्याने बाक इतकं घट्ट धरून ठेवलं की तो बाहेर पडताना बाकंही उखडली गेली. त्यानंतर काही दिवस गाड्या लिनला थांबवायच्याच नाहीत, असा अधिकाऱ्यांनी हुकूम काढला. डब्यावर जिम क्रोचं नाव असल्यामुळे अपमान आपोआप विनोदात जमा होत होता. नावाचा उपयोग होता तो हा.

यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ असे कायदे करायला घेतले. लुइझियानाचा वेगळ्या डब्यांचा कायदा १८९०चा. १८९२मध्ये कायद्याने कृष्णवर्णीय ठरणारा होमर प्लेसी मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला, अटक झाली, आणि १८९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी 'वेगळं पण समान' हे तत्त्व मान्य केलं. या सगळ्या व्यवस्थेला नाव कोणतं? डब्याचं नाव तयारच होतं. नाटकामुळे कायदे झाले असं मी म्हणणार नाही, त्यामागे मतं, मजुरी आणि सत्तेचं रोखठोक राजकारण होतं. पण कायदा यायच्या आधी साठ वर्षं लोक त्या चित्राला हसत होते, हेही विसरता येत नाही.

कायद्यांच्या काळात चित्र नव्या माध्यमांत गेलं. १९१५च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटात काळं फासलेले गोरे नट खलनायक होते आणि कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची हिंसक संघटना नायक. त्याच वर्षी क्लॅन पुन्हा उभी राहिली. १९२८पासून रेडिओवर गाजलेल्या 'एमॉस अँड अँडी'तले दोघे कृष्णवर्णीय मित्र म्हणजे दोन गोऱ्यांचे आवाज होते. 'गॉन विथ द विंड' चित्रपटातल्या मॅमी या गुलाम दाईच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला १९४०मध्ये ऑस्कर मिळालं, कोणाही कृष्णवर्णीयाला मिळालेलं पहिलं. त्या रात्री तिला बाकी चमूपासून वेगळ्या, कडेच्या टेबलावर बसवलं होतं. अटलांटातल्या पहिल्या खेळाला तर तिला जाताच आलं नाही. पडद्यावर मॅमी हवी, थिएटरात नको. यापुढे 'जिम क्रो'ची व्याख्या वेगळी काय करायची?

क्रो म्हणजे कावळा, यावरही एक कोटी होऊन गेली आहे. डिस्नेच्या १९४१च्या 'डंबो'त काळ्या कावळ्यांचं एक टोळकं आहे. त्यांच्या म्होरक्याचं नाव निर्मितीच्या कागदपत्रांत चक्क 'जिम क्रो' असं होतं, आणि त्याचा आवाज एका गोऱ्या गायकाचा.

कायदे १९६४ आणि १९६५च्या नागरी हक्क व मतदान हक्क कायद्यांनी मोडीत निघाले, पण शब्द निवृत्त झाला नाही. जॉर्जियातल्या मतदानाच्या नव्या नियमांना जो बायडन यांनी २०२२मध्ये अटलांटातल्या भाषणात 'जिम क्रो २.०' म्हटलं, तेव्हा ऐकणाऱ्यांना टीप द्यावी लागली नाही.

तर भाषांतराचं. 'जिम क्रोचे कायदे' नको, कारण 'चे' लावल्याबरोबर तो कायदा करणारा माणूस होतो. षष्ठी काढून 'जिम क्रो कायदे' लिहा, आणि पहिल्या वेळी 'कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवणारे, जिम क्रो नावाने ओळखले जाणारे कायदे' असा खुलासा करा. 'रंगभेदाचे कायदे' हा पर्याय मोह पाडेल, पण मराठी वर्तमानपत्रांनी तो दक्षिण आफ्रिकेच्या नावे करून टाकलाय, वाचक थेट मंडेलांपाशी पोचतील. जुन्या मराठी पुस्तकांतला 'निग्रो' फक्त त्या काळच्या उद्धृतात ठेवावा, एरवी 'कृष्णवर्णीय'. 'हबशी' नकोच, तो अ‍ॅबिसिनियाचा आणि आपल्या जंजिऱ्याचा शब्द आहे. आणि 'जिम क्रो कार' आली तर कृपा करून मोटार समजू नका, तिथे रेल्वेचा डबाच आहे.