बाहुलीची बोटं का मोडतात

ताई, तुम्ही साताऱ्याहून विचारलंय की गौरीपुढच्या आराशीसाठी साडेपाच-सहा इंची बाहुल्या करताय, शाडूची बोटं वाळली की मोडतात आणि आत तार घातली तर तडकतात. यात तुमच्या हाताचा दोष नाही, मातीचा आहे. एवढ्या बाहुलीचं बोट जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड भरतं. शाडू वाळताना आक्रसतो, तार आक्रसत नाही; तडा जाणारच. आराशीतली चूल, भांडी, फळं शाडूचीच करा. हातांसाठी मात्र पॉलिमर क्ले घ्या, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लॅस्टिकची माती.

तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. मी सांगलीत तिथूनच पाव मिलिमीटरची तांब्याची आणते. पाच तुकडे मनगटापाशी पिळायचे आणि बोटांच्या तारांना फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन वाळू द्यायचं. नाहीतर क्ले तारेवर गरगर फिरते.

आता खरं काम. स्वतःचा हात समोर धरा. मागून बोटं लांब दिसतात, तळव्याकडून आखूड, कारण बोटांच्या बेचक्यातली कातडी तळव्याच्या बाजूने वर चढलेली असते. म्हणून सुईने दोन बोटांमधली खाच हाताच्या पाठीकडून जास्त खोल घ्या, तळव्याकडची कमी. एवढ्या एका फरकाने हात जिवंत होतो. बोटांची मुळंही एका रेषेत नसतात, कमानीत असतात. करंगळी सगळ्यात खालून निघते. अंगठा चार बोटांच्या ओळीत लावू नका, तो तळव्याच्या कडेने, आडव्या तोंडाने येतो. लांबीसाठी सोपं माप: मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात हनुवटी ते केसांच्या रेषेएवढा. तुमच्या बाहुलीत साधारण दीड सेंटिमीटर.

मी मिरजेच्या तानपुऱ्याची आठवण म्हणून एक वादक बाहुली केली होती. चारही बोटं सारखी वाकवली आणि हात दंताळ्यासारखा दिसू लागला. शेजारच्या काकू गाणं शिकलेल्या. त्यांनी तानपुरा मांडीवर घेऊन दाखवलं: मधलं बोट पहिली तार छेडतं, उरलेल्या तिन्ही तर्जनी. बाकीची बोटं नुसती विसावलेली. मी हात मोडून पुन्हा केला. तुमची बाहुली हळदीकुंकू लावणारी असेल तर आधी स्वतः करंडा धरून बघा, मगच तारा वाकवा.

उन्हाळ्यात क्ले फार मऊ पडते. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की सुईला धार येते. भाजायचं तापमान पाकिटावरचंच घ्या, बहुतेकांचं ११० ते १३० अंश असतं. छोट्या ओव्हनचा काटा खोटं बोलतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवा. बोटं आधी करपतात, त्यांच्यावर फॉइलची सैलसर छपरी करा. बाहेर काढल्यावर पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका, गरम असताना ती नाजूक असतात.

भाजण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो टाका, अंगठा बघून सांगते.