काही सिनेमे आणि मालिका वर्षानुवर्षं मनातून जात का नाहीत?

हा प्रश्न टाकणाऱ्याने सोबत असंही विचारलंय की नेमकं कशामुळे होतं हे, अभिनय, कथा, संगीत की नुसत्या जुन्या आठवणी? आणि ज्याने त्याने 'जुन्या आठवणी' असं उत्तर देऊन टाकलंय. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून लिहितेय.

आठवणींचा भाग असतो, नाही कोण म्हणतंय. 1987-88 ला रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा आमच्या वाडीत एकच टीव्ही होता, त्या घराच्या ओटीवर पन्नास माणसं दाटीवाटीने बसायची. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ते परत लागलं तेव्हा मी हौसेने बसले आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला मालिकेतलं फार काही आठवतच नव्हतं, आठवत होती ती ओटी, सारवलेली जमीन, आणि अँटेना फिरवायला कौलांवर चढलेला शेजारचा मुलगा. म्हणजे ती आठवण त्या ओटीची होती, मालिकेची नव्हेच. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

खरोखर मनात राहिलेला सिनेमा वेगळा असतो. माझ्यासाठी तो 'श्वास'.

2004 साली आला. संदीप सावंत यांचा सिनेमा, अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे परशा. 1954 ला 'श्यामची आई'ला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं त्यानंतर थेट पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते याला, आणि ऑस्करला भारताकडून गेला तेव्हा मराठी माणसाने अक्षरशः वर्गणी काढली होती. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. कोकणातलं पोर, डोळ्यांचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. ऑपरेशन पुढे ढकललं जातं तेव्हा आजोबा नातवाला हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर नेतो, डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवून घेतो.

मी तो चिपळूणला बाबांबरोबर बघितला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची, बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून नुकतेच रिटायर झालेले. थेटरात बायका हुंदके देऊन रडत होत्या आणि मी नव्हते रडले, खरं सांगायचं तर मला तो थोडा संथ वाटला होता. येताना शेवटच्या गाडीने येत होतो, बाबा खिडकीशी बसलेले, बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाले, "डॉक्टर शहाणा हां बाय. पोराला आधी सांगा म्हणाला. न सांगता डोळे काढले असते तर पोराने परत कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला असता का?" मी हो म्हटलं आणि झोपले. विषय संपला.

आठ वर्षांनी, 2012 च्या जानेवारीत, बाबांचे डोळे पिवळे झाले. गावातल्यांनी कावीळ म्हणून झाडपाला दिला, मग दादाने त्यांना डोंबिवलीला आणलं, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, आणि रिपोर्ट आला की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. पित्ताची नळी दबून कावीळ झाली होती म्हणून तिथे स्टेंट टाकला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दादा, काका आणि मी उभे होतो. काका म्हणाले, "त्यांना कावीळच सांगायची. धसका घेऊन चार दिवस आधी जातील." दादाने मान हलवली. मी म्हटलं, अरे बाबा स्वतः म्हणाले होते, श्वास बघून येताना, सांगायला पाहिजे म्हणून. दादा म्हणाला, "तो पिक्चर होता. हा आपला बाप आहे."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं, रोज सुचतं.

पुढे काय झालं ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे. बाबांना कावीळ सांगितली, म्हणून बाबांनी कावीळ पाळली. एसटीत एकतीस वर्षं काढलेला माणूस, नियम म्हणजे नियम. तेल बंद, तिखट बंद, मासे बंद. ज्याला बांगड्याच्या सारशिवाय घास उतरत नव्हता तो माणूस मऊ भात आणि उसाचा रस यावर राहिला, वहिनी म्हणायची थोडं खा ओ बाबा, तर हाताने नको करायचे, "उतरू दे पूर्ण, मग खाऊ." शिमगा जवळ आला. आमच्याकडे पालखी घरात येते, बाबा दरवर्षी खांदा द्यायचे, नोकरीत असतानासुद्धा रजा टाकून. त्या वर्षी स्वतःच म्हणाले, "यंदा राहू दे, अंगात ताकद नाय. पुढच्या शिमग्याला जाऊ." दादा आणि मी दोघंही तिथे बसलो होतो आणि दोघांनाही माहीत होतं की पुढचा शिमगा नाही. आम्ही हो म्हटलं. मे महिन्यात गेले.

लोकांना वाटतं न सांगितलं की माणूस आनंदात राहतो. नाही राहत. तो सगळं पुढे ढकलतो. आजोबाने परशाला ऑपरेशनआधी जग दाखवलं कारण आजोबाला माहीत होतं वेळ किती आहे. बाबांना आम्ही ते माहीतच होऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी शेवटचे पाच महिने पथ्य करण्यात घालवले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. माझं मत असं आहे की सिनेमा बघताना मनात राहत नसतो, तो नंतर राहतो. बघताना तो एखादा प्रश्न आत ठेवून जातो, आणि आयुष्यात तोच प्रश्न तुमच्यासमोर खराखुरा उभा राहतो तेव्हा सिनेमा बाहेर येतो आणि मग कायमचा बसतो. भावना तीव्र असल्या की आठवण पक्की होते हे तर मेंदूवाले सांगतातच, पण थेटरात धाय मोकलून रडवलेले कितीतरी सिनेमे मी साफ विसरलेय आणि ज्यात रडले नाही तो राहिला. आणि तरुणपणी, साधारण दहा ते तीस या वयात पाहिलेलं जास्त आठवतं म्हणतात, मान्य, पण त्याच वयात मी शेकडो सिनेमे बघितले, ते कुठे आहेत?

दुसरं म्हणजे जो सिनेमा तुमच्या वतीने सगळं बोलून टाकतो तो राहत नाही. श्वासमध्ये आजोबा भाषण देत नाही. पोर शेवटी काळा चष्मा लावून होडीतून घरी येतं, बस. पुढे त्याचं काय होणार ते तुम्हीच मनात चालवत बसता. अभिनयाचं, संगीताचं काम एवढंच की तो प्रश्न खोटा वाटू नये. हल्लीच्या मालिकांत एकच थोबाडीत तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, त्यातलं काय उरणार सांगा. मालिका राहते ती माणसांच्या सवयीने, रोज घरात येणाऱ्या पाहुण्यासारखी, तो प्रकार वेगळा आहे आणि त्यावर दुसऱ्या कुणी लिहावं.

आणि सल्ला विचारलेला नाही तरी देते. घरात कुणाला मोठं आजारपण निघालं तर त्या माणसाला सांगा. शरीर त्याचं आहे, दिवस त्याचे आहेत. 'सहन होणार नाही' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्यालाच त्याच्यासमोर बसून ते बोलणं सहन होणार नसतं. दादाला मी हे तोंडावर सांगितलंय, तो अजून म्हणतो की बाबा शांतपणे गेले ते आपल्यामुळे. मी म्हणते शांत नाही, वाट बघत गेले.

एक मात्र लिहायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. बाबांचं सगळं दादाने केलं. रात्रीची जागरणं, पैसा, अंघोळ घालणं, सगळं. मी ठाण्याहून येऊन जाऊन होते. आणि काही माणसांना खरंच ऐकायचं नसतं, तेव्हा आधी त्यांनाच विचारावं की तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. आम्ही तेवढंही विचारलं नाही. आईने यातून शिकून आम्हा दोघांना समोर बसवून सांगून ठेवलंय की माझं काही निघालं तर पहिलं मला सांगायचं, मग तुम्ही काय ते ठरवा. दादा तेव्हा हो म्हणाला. लगेच म्हणाला, हे पण नोंदवते.

अजून एक, सिनेमाचं नाव निघालंच आहे म्हणून. परशाला झालेला तो डोळ्यांचा कॅन्सर, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत लहान पोराच्या बुबुळात लाल ऐवजी पांढरी चमक दिसत असेल, किंवा अचानक तिरळं बघायला लागलं असेल, तर 'मोठं झाल्यावर जाईल' म्हणत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरला लगेच दाखवा. दर वेळी तेच निघेल असं नाही, पण लवकर कळलं तर पुष्कळदा जीव वाचतो आणि डोळाही वाचू शकतो.